टॉवर मोजतो, तशा हद्दीही मोजू या

कॉल तुटला की आपल्याकडे मागणी ठरलेली असते: आणखी एक टॉवर उभारा. जिथे मुळात रेंजच नाही, तिथे ही मागणी रास्त आहे आणि तिच्यापुढे बाकी सगळी चर्चा गौण आहे. पण फोनवर रेंजच्या दांड्या भरपूर दिसत असतात, गाडी चालू असते आणि एका ठरावीक वळणावर कॉल तुटतो, तेव्हा कारण पुष्कळदा वेगळे असते. फोनला एका सेलकडून (टॉवरच्या एका सेवाक्षेत्राकडून) दुसऱ्या सेलकडे सोपवण्याची क्रिया, म्हणजे हँडओव्हर, तिथे फसलेली असते. अशा ठिकाणी नुसता टॉवर वाढवून भागत नाही, कारण प्रत्येक नवा टॉवर नव्या हद्दी घेऊन येतो. सेलची त्रिज्या निम्मी केली की तेवढ्याच रस्त्यावर ओलांडाव्या लागणाऱ्या हद्दी साधारण दुप्पट होतात. म्हणून, या क्षेत्रात काम करणारा माणूस म्हणून, माझे म्हणणे असे आहे की नेटवर्कची गुणवत्ता टॉवरांच्या संख्येइतकीच दोन सेलांमधल्या हद्दींवर ठरते आणि आपण या हद्दींचा हिशेब मागायला हवा.

हद्दीचा प्रश्न सेलच्या कल्पनेतच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ साली डी. एच. रिंग यांनी शहराची लहान लहान सेलमध्ये विभागणी करून त्याच फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा वापरण्याची योजना मांडली. त्यामुळे थोड्या फ्रिक्वेन्सीत पुष्कळ माणसांना बोलता येणार होते, पण चालू संभाषण एका सेलमधून दुसऱ्यात न तुटता नेण्याइतके तंत्र त्या काळी हाताशी नव्हते. बेल लॅब्जचेच एमॉस जोएल यांनी अशा स्विचिंग पद्धतीच्या पेटंटसाठी १९७० मध्ये अर्ज केला. ते १९७२ मध्ये मिळाले आणि शिकागोत व्यापारी सेवा सुरू व्हायला १९८३ चा ऑक्टोबर उजाडला. कल्पना आणि सेवा यांच्यामध्ये छत्तीस वर्षे गेली. त्याला सरकारी परवानग्यांपासून इलेक्ट्रॉनिक्सच्या मर्यादांपर्यंत अनेक कारणे होती, पण हद्द ओलांडता आल्याशिवाय सेलच्या योजनेला अर्थच नव्हता.

आजच्या ४जी नेटवर्कमध्ये ही क्रिया कशी चालते, ते जरा जवळून पाहू. चालू कॉलमध्ये फोन आपल्या सेलबरोबर शेजारच्या सेलचेही सिग्नल मोजत असतो. समजा, नेटवर्कने त्याला नियम घालून दिला आहे: शेजारी ३ डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात दुपटीने, वरचढ ठरला आणि ३२० मिलिसेकंद तसाच टिकला, तरच कळव. तसे घडले की फोन जुन्या सेलला अहवाल धाडतो, जुना सेल नव्याकडे जागा मागतो, नवा होकार देतो आणि मग जुना सेल फोनला तिकडे जाण्याचा हुकूम सोडतो. सगळे सुरळीत झाले तर पडणारा खंड इतका लहान असतो की कानाला कळत नाही. नाजूक जागा आहे ती या हुकमाची. तो जुन्या सेलकडूनच यावा लागतो आणि नेमका त्याच वेळी जुन्या सेलचा सिग्नल ढासळत असतो. हुकूम पोहोचला नाही तर फोन थोडा वेळ वाट पाहतो, दुवा तुटल्याचे ठरवतो आणि नव्याने जोडणी शोधू लागतो. शेजारच्या सेलचा सिग्नल उत्तम असतानाही कॉल जातो, तो असा.

ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी ३२० मिलिसेकंदांत सुमारे ९ मीटर पुढे जाते. मोकळ्या महामार्गावर एवढ्याने काही बिघडत नाही. पण घाटात डोंगराची सोंड आड आली किंवा कोकण रेल्वेवर गाडी बोगद्यात शिरली की थोडक्या मीटरांत सिग्नल २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट, खाली येऊ शकतो. मग हा अवधी शून्यावरच का आणू नये? कारण रेडिओ सिग्नल क्षणोक्षणी वरखाली होतो. दादरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन एकाच वेळी अनेक सेलच्या टप्प्यात असतो. तिथे अवधी फार आखूड ठेवला तर तो फोन दोन सेलांमध्ये विनाकारण हेलकावे खात राहील. याला आम्ही पिंग-पाँग म्हणतो. त्यात नेटवर्कचे श्रम आणि फोनची बॅटरी दोन्ही वाया जातात. म्हणजे घाटाला जो आकडा हवा, तो फलाटाला चालत नाही. राज्यभर एकच ठरीव आकडा ठेवला तर कुठे ना कुठे तो चुकीचाच ठरणार.

हद्दीगणिक हिशेब हवा, या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, फोन काही काळ दोन्ही सेलांशी जोडलेला ठेवला की प्रश्न मिटेल. ३जीमध्ये हे केले जात होते आणि कॉल खरोखरच अलगद पुढे जात, पण एका माणसासाठी दोन-तीन सेलांची क्षमता खर्ची पडे, म्हणून ४जीत ही पद्धत सोडून दिली गेली. दुसरा आक्षेप, नवे तंत्रज्ञान हे आपोआप सोडवील. त्यात तथ्य आहे. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या ५जी मानकात सशर्त हँडओव्हर आला. त्यात सिग्नल चांगला असतानाच फोनला हुकूम आणि त्याची अट दोन्ही देऊन ठेवतात. अट पुरी झाली की फोन स्वतःच निघतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी हुकूम हरवण्याची भीती कमी होते. तरीही अट कोणती असावी हे त्या हद्दीवरूनच ठरवावे लागते, शिवाय संभाव्य शेजाऱ्यांना जागा राखून ठेवावी लागते. तिसरा आक्षेप, हद्दीगणिक माहिती गोळा करणे अव्यवहार्य आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हँडओव्हर उशिरा झाला, घाईने झाला की चुकीच्या सेलकडे झाला, हे दुवा तुटलेला फोन पुन्हा कुठे प्रकटतो त्यावरून ओळखण्याची सोय ४जीच्या मानकात आधीपासून आहे.

अडते ते मोजणीच्या पद्धतीत. कॉल ड्रॉपसाठी दूरसंचार नियामक ट्रायने २ टक्क्यांची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये नुसती सरासरी सोडून ९० टक्के सेलांनी ९० टक्के दिवस ती पाळावी, असा अधिक काटेकोर निकष आणला. ही सुधारणा चांगलीच होती. परंतु तुटलेला कॉल त्यात एका सेलच्या नावावर पडे. फसलेल्या हँडओव्हरचा दोष मात्र दोन सेलांच्या जोडीचा असतो. शिवाय मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परवाना क्षेत्र आहे. घाटातले मोजके सेल २०२४ पर्यंतच्या त्या निकषातून सुटलेल्या १० टक्क्यांत सहज मावत आणि निकष पाळला गेल्याची नोंद होई. २०१७ च्या निकषाआधी प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे १ रुपया भरपाई देण्याचा ट्रायचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला होता. कॉल कशामुळे तुटला हे न पाहता सरसकट दंड लावणे त्या वेळी टिकले नाही. त्यातून घेण्याचा धडा हाच की आधी कारणाची नोंद हवी.

म्हणून नियामकाने महामार्ग आणि रेल्वेमार्गांवरच्या हद्दीनिहाय अपयशाचे आकडे कंपन्यांकडून मागवावेत आणि जाहीर करावेत. वाचकांनीही तक्रार करताना ‘रेंज नाही’ एवढेच लिहू नये. कोणत्या वळणावर, कोणत्या दिशेने जाताना आणि किती वाजता कॉल तुटला, ते नोंदवावे. अशा नोंदीवरून कोणती हद्द तपासायची, हे अभियंत्याला नेमके कळते.