पहिलं पुस्तक कोणतं द्यावं

भाचा बारावी होऊन मागच्या जूनमध्ये मिरजेहून पुण्याला आला आणि आधी माझ्याकडेच उतरला. त्याचं कॉलेज माझ्या घरापासून दोन बस बदलून जावं लागतं, म्हणून तिकडेच जवळपास खोली बघायची होती. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे असं आपाला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, मी फोनवर सांगितलं होतं. पोरगं सात आठवडे राहिलं. या सात आठवड्यांत त्याने माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम एकदा संपवला आणि दुसऱ्यांदा सुरू केला. त्यात आपलं पात्र आपण निवडायचं असतं. याने ‘ड्राव’ निवडला, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या काळ्या कातडीच्या एल्फांपैकी एक. कारण विचारलं तर म्हणाला, “मामू, ड्रावला बघितलं की गॉब्लिन घाबरतात, न लढता आत सोडतात.”

एका रात्री जेवताना त्याने विचारलं, “या दुनियेवर पुस्तकं पण आहेत म्हणे. पहिलं कुठलं वाचू?”

मी ही पुस्तकं पंचवीस वर्षं वाचतोय. ऑफिसातल्या पोरांनी, शेजाऱ्यांच्या मुलीने, एकदा तर रेल्वेत समोर बसलेल्या अनोळखी माणसाने मला हाच प्रश्न विचारला आहे आणि माझं उत्तर तयार असतं. या वेळी उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. सांगणाऱ्याला जग लागतं, जगाला नकाशा लागतो, नकाशातल्या गावांना इतिहास लागतो. मग त्या इतिहासावर कादंबऱ्या आल्या. आंद्रे नॉर्टनची ‘क्वॅग कीप’ १९७८ची, ‘ड्रॅगनलान्स’ची पहिली १९८४ची, आणि माझ्या भाच्याचा गेम ज्या ‘फरगॉटन रेल्म्स’मध्ये घडतो त्याची पहिली १९८७ची. आता ही पुस्तकं शेकड्यांनी मोजावी लागतात.

आपल्याला यात फार नवल वाटू नये. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान छापली तेव्हा तिचे ४६ जाड खंड झाले. त्यातला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ अनेकांनी नावाने तरी ऐकलेला असतो. तीही आधी बैठकीत सांगितली गेली आणि मग कागदावर आली. दास्तानगो कुठल्याही रात्री, कुठूनही सुरू करायचा. ऐकणाऱ्याला एवढंच माहीत असायचं की अमर अय्यारच्या झोळीत काहीही मावतं. पहिला खंड कुठला, हा प्रश्न छापखान्यामुळे आला.

माझं स्वतःचं पहिलं पुस्तक चुकीचं होतं. १९९९ साली मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर वीस रुपयांना घेतलं, तेही मुखपृष्ठावरच्या चित्रासाठी. आर. ए. साल्वातोरेचं ‘द हाफलिंग्ज जेम’. घरी येऊन चार प्रकरणं वाचल्यावर कळलं की हा त्रयीचा तिसरा भाग आहे. कुणी कुणाला पळवून नेलंय, दोघे त्याच्या मागावर आहेत, आणि का ते आधीच्या दोन भागांत. बरं, पाठलाग करत जायचं कुठे, तर दक्षिणेत, वाळवंटाच्या मुलखातल्या कॅलिमपोर्ट नावाच्या शहरात. तिथे बाजार आहेत, गल्ल्या आहेत आणि चोरांच्या टोळीचा म्होरक्या आहे, त्याला सगळे ‘पाशा’ म्हणतात. एवढ्या मोठ्या परक्या दुनियेत ओळखीचा असा एकच शब्द मला भेटला आणि तो चोरांच्या राजाला लावलेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आपण कुणाच्या बाजूने वाचतोय हेच कळेना.

तरी ते पुस्तक मी खाली ठेवलं नाही, त्याला कारण एक मुखवटा. नायक ड्रिझ्ट हा ड्राव. ड्राव म्हणजे लुटारू, खुनी, हे वरच्या जगात सगळ्यांना पाठ. हा एकटा तसा नाही, पण वेशीवरच्या पहारेकऱ्याला ते कोण सांगणार? त्याला एक जादूचा मुखवटा मिळतो. तो घातला की तो गोऱ्या एल्फासारखा दिसतो. पहिल्यांदाच लोक त्याच्याशी नीट बोलतात, शेजारी बसू देतात. त्याला ते आवडतं, आणि आवडतं म्हणूनच आतून खुपतं. तलवारबाजीची पानं मी तेव्हाही चाळून सोडली. मुखवट्याची पानं मात्र दोनदा वाचली.

असो. लोक विचारतात तेव्हा मी काय सांगतो ते सांगतो. ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ हे मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांचं पुस्तक पुष्कळ जण सुचवतात. त्यातला रेस्टलिन हा खोकणारा, कडवट, सोनेरी कातडीचा जादूगार या सगळ्या पुस्तकांमधल्या उत्तम पात्रांपैकी आहे. पण सुरुवातीलाच आठ माणसं एकदम अंगावर येतात, आणि प्रत्येक लढाईत टेबलावर फासे पडल्याचा आवाज येतो. शिवाय पहिला भाग संपून दुसरा सुरू होतो तेव्हा मधली एक अख्खी मोहीम गायब असते, कारण ती खेळाच्या पुस्तिकेत होती. ती कादंबरीत यायला २००६ साल उजाडलं. नवख्याला वाटतं आपलीच पानं गळली. अनुक्रमाने वाचायच्या हट्टाने ‘रेल्म्स’च्या १९८७च्या पहिल्या पुस्तकापासून निघणारेही भेटतात. ते बहुतेक दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत.

म्हणून माझं ठरलेलं उत्तर ‘होमलँड’. १९९०चं, साल्वातोरेचंच. ड्रिझ्टच्या जन्मापासून सुरू होतं, त्यामुळे आधीचं काही माहीत असावं लागत नाही. मेन्झोबेरान्झन हे जमिनीखालचं शहर, तिथे घराण्यांच्या मालकिणींचं राज्य आणि कोळ्याच्या रूपातल्या देवीची भक्ती. तिसरा मुलगा झाला की तिला बळी द्यायचा. ड्रिझ्ट तिसरा. पण त्याच रात्री एका भावाने दुसऱ्याला मारलं, म्हणून हा दुसरा ठरला आणि वाचला. अशी सुरुवात असलेलं पुस्तक कोण खाली ठेवेल?

तेच भाच्याला द्यायचं म्हणून मी कपाटातून काढूनही ठेवलं होतं.

दरम्यान खोल्यांचं चाललं होतं. भाच्याचं नाव दोन्हीकडे चालणारं, आणि आडनाव इनामदार. फोनवर घरमालक अगदी मोकळेपणाने बोलायचे. मिरजेचे का, वा, आमची आत्या तिथलीच. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, मग आधार कार्डाचा फोटो मागायचे. त्यावर वडिलांचं नाव. एका खोलीत त्याच संध्याकाळी मालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा, दुसरीत अचानक रंगकाम निघायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी भाचा स्वतःच हसून म्हणाला, “मामू, या शहरात पुतणे फार आहेत.”

पाचव्या ठिकाणी मी बरोबर गेलो. गृहस्थ सभ्य होते, चहा दिला. म्हणाले, “तुम्ही तसे अजिबात वाटत नाही हो. सगळे तुमच्यासारखे असते तर प्रश्नच नव्हता. पण सोसायटीचं तुम्हाला माहीत आहे.” मी चहा संपवला, आभार मानले. खाली उतरल्यावर भाच्याने विचारलं, “आभार कशाचे मानले?” मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री ‘होमलँड’ परत कपाटात गेलं. पंचवीस वर्षांत जे वाक्य डोळ्यांआड केलं होतं ते आता झाकता येईना. त्या पुस्तकात अख्खी जमात दुष्ट आहे आणि एकच जण, फार तर बापाला धरून दोघे, चांगले. ड्रिझ्ट मोठा होतो तो त्याच्या लोकांना आणखी काळं करून. तो “तसा वाटत नाही”, म्हणून आपल्याला आवडतो. मुलाला त्या आठवड्यात हे पुस्तक द्यायचं म्हणजे त्या गृहस्थांचा चहा पुन्हा पाजायचा.

साल्वातोरेवर मी आरोप करत नाही. हे काही त्याने योजून केलेलं नव्हतं. पहिल्या कादंबरीचा नायक वुल्फगार हा तरुण रानटी योद्धा ठरला होता. संपादिकेने फोनवर त्याला एक जोडीदार मागितला, तेव्हा सुचला तो ड्राव, असं साल्वातोरेनेच सांगितलं आहे. पुढे जोडीदारच नायक झाला. खेळाच्या कंपनीनेही २०२०मध्ये जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राव यांना यापुढे जन्मजात दुष्ट न दाखवता इतरांसारखंच बऱ्यावाईटाचं मिश्रण म्हणून रंगवू. २०२१च्या ‘स्टारलाइट एन्क्लेव्ह’मध्ये त्या कोळीदेवीला न मानणारे, बर्फात वेगळं शहर वसवून राहणारे ड्राव आलेसुद्धा. पण तिथवर पोचायला तीसहून अधिक पुस्तकं चढून जावी लागतात. ते पहिलं म्हणून देता येत नाही.

शेवटी मी दिलं ‘द क्रिस्टल शार्ड’, १९८८चं, त्या फोनवरच्या ड्रावचं पहिलंच. हे काही निर्दोष पुस्तक नाही. खलनायक बावळट आहे, शेवटची लढाई उगाच लांबवली आहे, आणि टॉल्किन वाचलेल्याला जागोजागी ओळखीची भांडी वाजताना ऐकू येतील. इंग्रजी मात्र सोपं, त्यामुळे आमच्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्यांना डिक्शनरी फारशी लागत नाही. मी ते दिलं ब्रूनरसाठी. ब्रूनर हा तिरसट बुटका, खाणवाल्यांचा सरदार. आइसविंड डेल नावाच्या बर्फाळ मुलखात दहा गावं आहेत. तिथल्या लोकांना ड्रिझ्ट नको असतो, त्यामुळे तो डोंगराच्या अंगाला एकटा राहतो. आणि ब्रूनर त्याचा मित्र आहे, गोष्ट सुरू व्हायच्या आधीपासून. ड्रिझ्ट किती चांगला आहे याची साक्ष घेऊन ही मैत्री सुरू होताना दाखवलेली नाही. ती नुसती आहे. दोघे एकमेकांना टोमणे मारतात. ड्रिझ्टची जमात कशी, याचा हिशेब त्या पुस्तकात जवळजवळ कुणी मागत नाही. तो कसा निभावतो, एवढंच दिसतं.

भाच्याने ते अकरा दिवसांत संपवलं. मत विचारलं तर म्हणाला, “बुटका भारी आहे. लढाया मी उडवल्या.” घराण्याचं रक्त दिसलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने एक तोड काढली. वर्गातल्या मित्राच्या नावाने करार करायचा, याने नुसतं राहायचं, कुणी विचारलं तर नाव तेवढं सांगायचं. आपाला पटलं होतं. पोराची कॉलेजं बुडत होती, तिचंही चूक नव्हतं. मी नको म्हणालो, आणि का नको ते धड सांगता येईना. मुखवट्याबद्दल बोलावं तर त्याने तो भाग अजून वाचलेला नव्हता, आणि गोष्ट फोडायची नाही हा नियम तर मीच पाळायला लावलेला. मग त्याने कोंढव्यात दोघांत एक खोली घेतली. कॉलेजला जायला रोज सव्वा तास जातो.

दुसरा भाग त्याने दिवाळीच्या सुट्टीत वाचला. तिसरा माझाच घेऊन गेला, तोच फाउंटनचा, वीस रुपयांवाला, पाठ निसटलेला. मागच्या शुक्रवारी रात्री त्याचा फोन आला. बसमध्ये होता, मागे कंडक्टरचा आवाज येत होता.

“मामू, त्याने मुखवटा घातला.”

“हं.”

“काढतो का पुढे?”

“कुठल्या पानावर आहेस?”

त्याने सांगितलं. मी म्हटलं, वाच, आणि तुझा स्टॉप चुकवू नकोस.