पथारीपासून बालेवाडीपर्यंत

पौष-माघात नंदुरबारला उतरणाऱ्या परक्या माणसाला हे गाव आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. ठसका लागल्याशिवाय तिथून कोणी पुढे जात नाही. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, मधून तापी, आणि इकडे नजर जाईल तिथवर लाल जमीन. पथारीवर ओळीने बसलेल्या बाया मिरचीचे देठ खुडत असतात. संध्याकाळी त्यांच्या बोटांची जी आग होते ती पाण्याने जात नाही.

अशाच एका पथारीवर २०१४ सालच्या फेब्रुवारीत आप्पा मला भेटले. तापीकाठच्या एका गावचे हे कपाशी-मिरचीचे जुने शेतकरी. शेतीशाळेत पहिल्या रांगेत बसायचे आणि शेवटी नेमका अडचणीचा प्रश्न विचारायचे. त्या दिवशी मात्र प्रश्न पिकाचा नव्हता. त्यांचा मुलगा पुण्याला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. एका विषयात तो नापास झाला होता आणि रात्र-रात्र कॉलेजच्या कार्यशाळेत कसलेसे खेळणे करत बसतो, असे त्यांच्या कानावर आले होते.

"भाऊसाहेब, दोन वर्षं कपाशीचा पैसा त्याच्यावर घातला. आता जाऊन घेऊनच येतो. तुम्ही संगे चला, तुमच्याशी मास्तर लोक नीट बोलतील."

मी कृषी पदवीधर. यंत्रातले मला पंपापुरतेच कळते. तरी मार्चच्या आरंभी आम्ही रात्रीच्या एस.टी.त बसलो. दोंडाईचा, धुळे, मालेगाव कधी गेले ते कळले नाही. चंदनापुरीच्या घाटात जाग आली. नारायणगावच्या आसपास उजाडले तेव्हा रस्त्याकडेचे टोमॅटोचे मळे पाहून आप्पा प्रथमच दोन शब्द बोलले, तेही ठिबकच्या नळ्यांविषयी. मुलाचे नाव काही त्यांनी काढले नाही.

पुण्यात कळले की मुलगा कॉलेजात नाही, बालेवाडीला आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले तिथले शिवछत्रपती क्रीडासंकुल वाचकांनी ऐकले असेल. त्या दिवशी तिथे यंत्रमानवांची स्पर्धा होती. तिला 'रोबोकॉन' म्हणतात. आशिया-पॅसिफिक भागातील प्रसारण संस्थांच्या संघाने ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू केली. आपल्याकडे दूरदर्शन ती भरवते आणि देशभरच्या अभियांत्रिकी कॉलेजांचे संघ उतरतात. जो संघ जिंकेल तो पुढे इतर देशांच्या संघांशी खेळतो. यजमान देश दर वर्षी नवा खेळ ठरवतो. २००८ साली यजमानपद आपल्याकडे होते, तेव्हा पुण्यात दहीहंडीवर बेतलेला 'गोविंदा' झाला.

२०१४ सालीही यजमान भारतच होता आणि खेळ होता मायबापाचा. एक मोठा यंत्रमानव पालक, दुसरा लहान तो लेकरू. पालकाला विद्यार्थी हातातल्या कळीने चालवतो. लेकराला मात्र कोणी हात लावायचा नाही. त्याने आपले आपण चालायचे. पालकाने लेकराला उचलून सी-सॉवर बसवायचे, खांबांवरून चालवायचे, झोक्यावर बसवून झोका द्यायचा. शेवटी लोखंडी दांड्यांच्या चढणीपाशी सोडायचे. तिथून लेकराने एकट्याने वर चढून झेंडा दाखवायचा. तो दिसला की 'शाबाश', खेळ तिथेच संपला. वेळ सगळा मिळून तीन मिनिटे. आप्पा गॅलरीत बसून हे ऐकत होते. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही.

सामन्याआधी मुलगा कठड्यापाशी आला, वाकून पाया पडला. आप्पा नुसते "बरा आहेस ना?" म्हणाले. मग त्याने लेकरू दाखवले. गुडघ्याइतके उंच, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे. प्रत्येक पट्टीला भोकेच भोके.

"उंदरांनी कुरतडलं का रे?"

"वजन कमी करायला, आप्पा. जितकं हलकं तितकं चढायला सोपं."

पालकाच्या सांगाड्यात मोटारगाडीची काच पुसणाऱ्या वायपरच्या मोटरी होत्या. स्वस्त आणि जोराच्या म्हणून मुले त्याच वापरतात. हवा दाबून भरायला टाकी घेतली नव्हती. थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याच बांधल्या होत्या. चढण्याची युक्ती तर पाहण्यासारखी. लेकराच्या दोन्ही हातांना स्प्रिंगचे आकडे. हात वर जाताना दांडा लागला की आकडा मागे दुमडतो आणि दांडा ओलांडून पुन्हा उघडतो; खाली ओढू गेले की तोच दांडा घट्ट धरतो. नाल्यात मासे धरायच्या बांबूच्या सापळ्याचे तोंड असेच असते, मासा आत जातो, परत येत नाही. पकडायला मोटर नाही, की दांडा आला हे सांगायला डोळा नाही. हवेने हात नुसते वर-खाली करायचे, बाकी आकडे पाहून घेतात. आणि सर्वांत वरचा दांडा एका खटक्याला टेकला की रबराने ताणून धरलेली काठी सुटते आणि झेंडा उभा राहतो.

आप्पा एकदम म्हणाले, "हाई ते आपली मोट शे!"

तरुण वाचकांनी मोट पाहिली नसेल, म्हणून सांगतो. सोंडेच्या मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधून वरच्या चाकावरून घेतलेला, बारीक दोर सोंडेच्या टोकाला बांधून खालच्या रुळावरून. मोट वर येईपर्यंत सोंड वर दुमडलेली राही, पाणी सांडत नसे. मोट थारोळ्याच्या वर आली की बारीक दोर सोंडेला रुळावरून पुढे ओढी आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडे. ती उलटी करायला विहिरीवर दुसरा माणूस लागत नसे. शिवाय ओढताना बैल उतारावरून खाली चालत, म्हणजे त्यांचे वजनही कामी येई. आप्पांनी लहानपणी मोट हाकलेली. हे सारे ते त्या पोरांना कठड्यावरून वाकून सांगत होते आणि पोरे तोंड उघडे ठेवून ऐकत होती.

पहिला सामना हरला. लेकरू दोन दांडे चढले आणि घसरले. दांड्यांचा रंग गुळगुळीत होता. पोरे रडकुंडीला आली. आप्पा वरून ओरडले, "अरे, आकड्याला सायकलची ट्यूब गुंडाळा!" ट्यूब शोधायला एक जण संकुलाबाहेर पळाला आणि घामाघूम होऊन परतला. दुसऱ्या सामन्यात लेकरू टोकाला गेले. झेंडा उभा राहिला तेव्हा आप्पा जागेवरून उठले होते, टोपी हातात होती. मुलाने वळून नेमके त्यांच्याकडेच पाहिले.

पुढच्या फेरीत एक तार सुटली आणि संघ बाद झाला. ऑगस्टमध्ये बालेवाडीलाच देशोदेशीचे संघ आले आणि व्हिएतनामचे लाक होंग विद्यापीठ जिंकले. त्याच व्हिएतनामने २०२४ साली यजमान म्हणून भातशेतीचा खेळ ठेवला: रोप लावायचे, पीक काढायचे, भरलेला दाणा आणि पोचट दाणा वेगळा करून कणगीत टाकायचा. हे मी आप्पांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पोचट ओळखता आला का त्याला? मग मिरचीचा देठ का नको?"

हा प्रश्न त्यांच्या मनात बालेवाडीपासून होता. परतीच्या एस.टी.त मुलगा आमच्यासोबत नव्हता. "नापास विषय सोडवून मे महिन्यात घरी ये, येताना वायपरची एक मोटर घेऊन ये," एवढेच त्याला सांगून आप्पा निघाले होते.

मेमध्ये मी गेलो तेव्हा अंगणात यंत्र मांडलेले होते. रबर चढवलेले दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरणारे, मध्ये बारीक फट. देठ फटीत सापडला की रूळ तो ओढून काढणार आणि मिरची वर राहणार, असा हिशेब. कडकडीत वाळलेली मिरची घातली तर देठ मधेच तुटे, मिरची फुटून बी उडे. खुडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आमचं काम तुमच्यानं जायचं नाही, पण बोटांची आग गेली तर हवीच आहे." आप्पांनी मिरचीवर पाण्याचा हात मारून ती रात्रभर पोत्याखाली ठेवली. सकाळी देठ बरे निघाले. मी म्हटले, आता ही परत उन्हात वाळवा. ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर राहिला तर साठवणीत बुरशी येईल. म्हणजे एक काम कमी होऊन दुसरे वाढले. यावर बाप-लेकांचा तासभर वाद झाला, कॉलेजचा विषय कोणी काढला नाही.

मुलगा पास झाला, नोकरीला लागला. रूळ अजून आप्पांच्या पडवीत आहेत. दिवाळीला घरी आला की तो फट कमी-जास्त करून बघतो आणि आप्पा शेजारी मिरचीची टोपली घेऊन बसतात.