कुर्डुवाडीचे पाणी आणि पाच कप चहा

मंडळी, कुर्डुवाडीला मुद्दाम म्हणून जाणारा माणूस विरळाच. तुमच्यापैकी कोणी पंढरीला रेल्वेने गेला असाल, कोणी लातूरकडे सोयरीक बघायला, कोणी बार्शीच्या बाजाराला. या सगळ्यांना कुर्डुवाडी ठाऊक असते ती वाटेवरचे जंक्शन म्हणून. माढा तालुक्यातले हे गाव रेल्वेनेच मोठे केले. शेजारचे कुर्डू हे जुने गाव, आणि त्याची ही वाडी. पण आज नाव विचाराल तर वाडीचेच पुढे.

१८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी गाडी सुरू केली. तेव्हा या स्थानकाचे नावही 'बार्शी रोड' असेच होते. ही गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. १९५४ साली ती सरकारकडे आली, आणि २००० नंतरच्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळा रस्ता रुंद झाला. आता छोटी गाडी नाही. पण त्या काळी मुंबईच्या मोठ्या गाडीतून उतरायचे, बोचकी आणि पोरे मोजायची, आणि छोटी गाडी सुटेपर्यंत वाट बघायची. इतका वेळ करायचे काय? चहा प्यायचा!

आपल्या खेड्यापाड्यांत चहा आला त्यात रेल्वे स्थानकांचा वाटा मोठा आहे. १९०३ साली सरकारने कायदा करून परदेशी जाणाऱ्या चहावर उपकर बसवला, आणि त्या पैशातून पुढे आपल्याच देशात चहाचा प्रचार चालू झाला. देशातल्या अनेक स्थानकांवर चहा कसा करावा याच्या पाट्या लागल्या, किटल्या आणि पुड्या पुरवल्या गेल्या. गंमत अशी की प्रचार करणाऱ्या साहेबांना आपला चहा मुळीच पसंत नव्हता. आपले चहावाले पूड हात राखून घालीत आणि दूध, साखर, मसाला सढळ हाताने. साहेब कुरकुरले, पण गिऱ्हाईक खूश होते. तीच रीत घरात आली आणि अजून चालू आहे. त्यामुळे झाले असे, की चहा म्हणून आपण चव घेतो ती दुधाची, साखरेची आणि आल्याची. पूड चांगली की वाईट, हे कळायला जागाच राहिली नाही. दर महिन्याला पैसे मात्र आपण पुडीचे मोजतो.

हे मनात होते म्हणून यंदा श्रावणात कुर्डुवाडीला उतरलो तेव्हा एक खटाटोप केला. कुर्डूच्या शिवारात माझ्या मामेबहिणीची वस्ती आहे. घरात तिच्या सासूबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, धाकटी जाऊ, दहावीतली मुलगी आणि दोघे भाऊ. डाळिंब, थोडा ऊस, रब्बीला ज्वारी. चार-पाच रोजगारी बाया कायम कामाला. अशा घरात चहाचे पातेले दिवसातून चार वेळा चुलीवर चढते.

बाजारपेठेतल्या किराणा दुकानातून मी दोन प्रकारचा सुटा चहा घेतला. एक जाड दाण्याची ममरी, दुसरी बारीक भुकटी, जिला दुकानदार डस्ट म्हणतात. तिसरा, घरात रोज वापरतात तो पुड्यातला चहा. चौथा, आठवडी बाजारात उघड्या पोत्यातून विकला जाणारा सगळ्यांत स्वस्त चहा, जो धाकट्या जाऊबाईंनी मागल्याच आठवड्यात आणला होता. पाचवी, मी पुण्याहून पिशवीतून नेलेली दार्जिलिंगची पत्ती.

हे पाचही एकाच जातीच्या झाडाच्या पाल्यापासून होतात, हे आधी सांगितलेले बरे. फरक मातीचा, हवेचा, आणि मुख्यतः पाला कसा तयार केला त्याचा. पत्तीसाठी पाला सुकवून, वळून, काळा होऊ देऊन वाळवतात. ममरीसाठी तोच पाला दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, गोळ्या करून काढतात. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघाले, आणि आज देशातला बहुतेक चहा याच रीतीने होतो. चाळताना खाली जे बारीक पडते ते डस्ट. डस्ट म्हणजे केरकचरा असा अनेकांचा समज आहे, तो खरा नाही. चांगल्या पाल्याची डस्ट चांगलीच असते. दाणा बारीक म्हणून रंग लवकर उतरतो, एवढेच.

आता चाखायचे कसे? गुवाहाटीला १९७० पासून चहाचे लिलाव होतात, कोलकात्याला तर १८६१ पासून. तिथले पारखी ठरावीक वजनाचा चहा घेतात, त्यावर उकळते पाणी ओततात, पाच-सहा मिनिटे झाकतात, गाळतात आणि चमच्याने मोठ्याने फुरका मारून चाखतात. फुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास नाकापर्यंत पोहोचतो. घरात पोरांनी असा फुरका मारला तर आपण डोळे वटारतो. त्या दिवशी आजींनीही मारला आणि सगळ्यांना हसू आवरेना.

दुकानदाराकडून मी ममरी आणि डस्टच्या दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बांधून घेतल्या होत्या, बाकीच्याही तशाच करवून घेतल्या. एका पुडीचे पाच सारखे भाग म्हणजे कपाला दोन ग्रॅम. चमच्याने मोजू नका. चमचाभर डस्ट आणि चमचाभर पत्ती यांच्या वजनात फार फरक पडतो, आणि मग पत्ती बिचारी फिकी ठरते. पाच सारखे कप, वर बशा झाकलेल्या, मुलीने कपाखाली चिठ्ठ्या ठेवून त्यांची जागा बदलली. दूध नाही, साखर नाही.

पहिल्या फेरीत आजी दार्जिलिंगवर तोंड वाकडे करून म्हणाल्या, "हे काय रं बाबा, वैरण उकडल्यालं पाणी!" मुलीने मात्र तोच कप पुन्हा हुंगला आणि म्हणाली, "मामा, ह्याला बेदाण्याचा वास येतोय." पोरीचे नाक पक्के! दार्जिलिंगच्या उन्हाळी पत्तीचा गंध द्राक्षासारखा असतो असे पारखीही सांगतात, आणि द्राक्षाच्या मुलखातल्या मुलीला तो ओळखू आला यात नवल नाही. ममरीचा रंग लालसर, चव भरदार आणि शेवटी जिभेला तुरट. डस्ट काळीभोर आणि कडक, थोडी कडवट. घरातला पुड्याचा चहा या दोहोंच्या मधला. पोत्यातल्या चहाला रंग सगळ्यांत आधी आला, पण चव काहीच नाही. नुसते रंगीत गरम पाणी.

त्याची परीक्षा लगेच केली, आणि ही तुम्ही घरी जरूर करा. गाळण कागद किंवा टीपकागद घ्या, त्यावर चिमूटभर चहा पसरा, पाण्याचे थेंब शिंपडून कागद ओला करा, मग चहा धुवून टाका आणि कागद उजेडापुढे धरा. निखळ चहाने डाग पडत नाही. रंग चोळलेला असेल तर कागदावर लगेच डाग उठतात. आमच्या कागदावर तपकिरी ठिपके उठले. लोहचुंबकही फिरवून पाहावे. लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटतो. धाकट्या जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पुडा उचलला आणि उकिरड्यावर नेऊन रिता केला.

दुसऱ्या फेरीत दूध-साखर घातली आणि निकाल उलटा झाला. दार्जिलिंग दुधात बुडाली, वास नाही की चव नाही. ममरी वर आली. दुधातली प्रथिने चहाचा तुरटपणा बांधून ठेवतात, म्हणून जो चहा कोरा पिताना जरा जास्त तुरट लागतो तोच दुधात उभा राहतो. म्हशीचे घट्ट दूध असेल तर पूड जोरकसच हवी. एवढ्यासाठी महाग पत्ती आणून दुधात उकळणे म्हणजे इंद्रायणी तांदळाची पेज करून गुरांना घालण्यासारखे.

पण खरी गोष्ट तिसऱ्या फेरीत कळली. एकच ममरी, पाणी तीन प्रकारचे: वस्तीवरच्या बोअरचे, पत्र्याच्या पागोळीखाली भरून ठेवलेले पावसाचे, आणि गावातल्या फिल्टरवरून आणलेल्या जारचे. तिन्ही कप शेजारी ठेवले तेव्हा अक्का म्हणाली, "ह्यो एकच चहा हाय व्हय?" बोअरच्या पाण्याचा चहा गढूळ काळपट, वर चकाकता तवंग, चव बसकी. पावसाच्या पाण्याचा तांबूस, नितळ, जिभेवर लख्ख. जारच्या पाण्याचा बराचसा तसाच. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले क्षार चहाच्या रसाशी मिळून तो तवंग धरतात आणि चव मारतात. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा. म्हणजे वर्षानुवर्षे अक्का पूड बदलत होती, महागातला पुडा आणून बघत होती, चमचा वाढवत होती, आणि दोष होता पाण्याचा.

उजनी धरणाचे काम १९८० साली पुरे झाले आणि या तालुक्यात पुष्कळ शिवारे भिजू लागली. पण वस्तीवर प्यायला अजून बोअरच. त्यावर साधा उपाय असा. चहाचे पाणी आदल्या रात्री चांगले दहा मिनिटे उकळा, झाकून निवू द्या, सकाळी वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्या. सगळे नाही, पण उकळून जे क्षार खाली बसतात तेवढे तरी जातात. जळण जास्त लागते हे खरे, म्हणून पाहुण्यांपुरते करा हवे तर. रोजच्याला जड पाण्यात डस्ट बरी चालते, कारण तिचा जोर पाण्याला पुरून उरतो.

हिशेब असा पडतो. रोज वीस कप होणाऱ्या घरात कपाला दोन ग्रॅम धरले तर महिन्याला सव्वा किलोच्या आत भागते. चव येईना म्हणून तीन ग्रॅम घालू लागलात की पावणेदोन किलोच्या वर जाते. वर्षाकाठी सात किलोंहून जास्त चहा नुसता पाण्याची उणीव भरून काढण्यात जातो. आणि बराच वेळ खळखळा उकळूनही काही मिळत नाही. ममरीचा रस तीन-चार मिनिटांत उतरतो, पुढे उतरतो तो कडवटपणा.

आता बायाबापड्यांसाठी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कोऱ्या चहात जी तुरट चव लागते, तोच अंश जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. आपल्याकडे भल्या पहाटे चहात भाकरी कुस्करून खायची आणि कामाला लागायचे, ही रीत घराघरांत आहे. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणे अनेक. एकट्या चहावर खापर फोडणे बरोबर नाही. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली स्पष्टच सांगितले आहे की जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा घेऊ नये. अक्काला म्हटले, भाकरी दुधात किंवा कालवणात खा, चहा बांधावर गेल्यावर घे. ती म्हणाली, "चहा न्हाई तर भाकरी उतरत न्हाई." तरी मुलीचा सकाळचा चहा तिने त्याच दिवशी मागे सरकवला, न्याहारीनंतर दीड तासाने.

आजींचा चहा गुळाचा. त्यांचे दूध नेहमी फाटते, म्हणून त्या कोराच पितात. ते दूध वाचवता येते. गुळात थोडा आंबटपणा असतो, आणि उकळत्या चहात गूळ-दूध एकत्र पडले की दूध नासते. म्हणून आधी पाणी, पूड आणि गूळ उकळून गाळून घ्यायचे, पातेले खाली उतरवायचे, आणि वेगळे तापवलेले दूध सगळ्यांत शेवटी ओतायचे. ओतल्यावर पुन्हा चुलीवर ठेवायचे नाही. आजींनी असा कप घेतला, चांगला आहे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोराच मागितला.

शेवटी घरात ठरले ते असे: रानातल्या किटलीला तीन भाग ममरी आणि एक भाग डस्ट, घरच्याला नुसती ममरी, आणि पोत्यातला चहा पुन्हा आणायचा नाही. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्याच्या आणि घासलेटच्या फळीपासून लांब ठेवायची, कारण चहाला आजूबाजूचा वास फार लवकर लागतो. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांपुरतीच आणावी. उरलेली दार्जिलिंगची पत्ती अक्काने काचेच्या बरणीत भरून वेगळी ठेवली. लातूरचे व्याही दिवाळीला येणार आहेत, त्यांना दुधाशिवाय देऊन बघणार म्हणते.