तीन तास गप्प बसलेला माणूस

लेड झेपेलिन या रॉक बँडच्या २१ जून १९७७च्या कार्यक्रमाची टेप माझ्या हाती आली तेव्हा मी पुण्यात वसतिगृहावर राहत होतो. एका मित्राच्या आतेभावानं ती अमेरिकेहून आणली होती. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट, वर बॉलपेननं लिहिलेली तारीख आणि ‘एल. ए. फोरम’ एवढीच अक्षरं. कंपनीनं काढलेली ही कॅसेट नव्हे. लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये, प्रेक्षकांत बसून कुणीतरी चोरून केलेलं रेकॉर्डिंग, त्याची प्रत, त्या प्रतीची प्रत, अशी कितव्या हातून ती आली होती कोण जाणे. सुरुवातीला नुसती खरखर. मग हजारो माणसांचा गलका. तो गलका एकाएकी उसळला की समजायचं, सभागृहातले दिवे गेले. आणि त्यावर जिमी पेजची गिटार.

खोलीतल्या इतरांना हा गोंगाट सोसायचा नाही. ‘रेकॉर्ड आहे ना चांगली, मग हे कशाला?’ असं ते म्हणायचे. मला मात्र या गोंगाटाची सवय घरूनच होती. आमच्या थोरल्या काकांकडे खाजगी बैठकींच्या टेपांचं एक कपाट होतं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात झालेलं गाणं, कुठल्या तरी गणेशोत्सवातलं गाणं. त्यांत तानपुऱ्याइतकीच माणसं ऐकू यायची. समेवर पडलेला हात, कुणाची तरी न राहवून निघालेली ‘अहाहा’, मधेच खोकला, उशिरा आलेल्या माणसाला पुढे सरकून दिलेली जागा. ‘तुमच्याकडे अमुक बैठक आहे का? मग मी तमुक देतो,’ अशी देवघेव काका आयुष्यभर करत आले. झेपेलिनच्या टेपा जगभर फिरल्या त्या अगदी याच रीतीनं. मला त्यामुळे ती कॅसेट परकी वाटलीच नाही.

त्या टेपेतलं माझं गाणं म्हणजे ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’. सी मायनरमधला संथ ब्लूज. १९७०च्या तिसऱ्या अल्बममध्ये ते आहे, आणि तिथं नीट कान दिला तर जॉन बॉनमच्या बास ड्रमचं पेडल करकरताना ऐकू येतं. ते करकरणं मला फार प्रिय आहे, कारण स्टुडिओच्या स्वच्छतेत तेवढीच एक न पुसलेली खूण राहिली आहे. प्रेक्षकांतून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अशा खुणांना तोटाच नाही. त्या दौऱ्यात लोक सभागृहात फटाके फोडत. भर ब्लूजमध्ये कुठंतरी बार उडतो, शिट्ट्या येतात, आणि पेज सूर लांबवत नेऊन एकदम सोडतो तेव्हा सतरा-अठरा हजार माणसं एका श्वासात ओरडतात. पुढचा सूर तो त्या ओरडण्यावर ठेवतो. गाणं मोठं होतं ते इथं, दोन्ही बाजूंनी. मंचावरच्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे जवळजवळ हरवतं. वाद्यं लखलखीत येतात, पण ती कुणासाठी वाजताहेत ते कळत नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ वाजवलं. त्याचं मूळ टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनकडे जातं. या अंध गायकानं ते १९२७ साली डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं; एक आवाज, एक गिटार. इंग्लंडच्या चार जणांनी पन्नास वर्षांनी ते विजेच्या गडगडाटात नेलं. फोरमच्या कार्यक्रमानंतर दोनेक महिन्यांत, २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर १९७७ला, व्हॉयेजर ही दोन अंतराळयानं उडाली. त्यांवरच्या सोनेरी तबकडीत याच ब्लाइंड विली जॉन्सनचं एक गाणं आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला मुंबईत वारल्या. रेडिओपासून त्या फटकून राहिल्या, आणि त्यांच्या मोठ्या गायकीचा फार थोडा अंश यंत्रात उतरला. ब्लूजचा तो आंधळा गायक आणि ही मानी गायिका एकाच तबकडीवर शेजारी आहेत, याचा मला अभिमान वाटतो. माझ्या कपाटातही ते दोघे शेजारीच असतात.

ते रेकॉर्डिंग कुणी केलं हे मला फार उशिरा, मुंबईत नोकरीला लागल्यावर कळलं. त्याचं नाव माइक मिलार्ड. धडधाकट माणूस, पण कार्यक्रमाला व्हीलचेअरवर बसून जायचा, कारण नाकामिची ५५० हा चांगला बोजड कॅसेट डेक तिच्यात लपवता यायचा. मित्र खुर्ची ढकलत. सोबत एकेजी ४५१ जातीचे उत्तम मायक्रोफोन. स्टुडिओत शोभेल असा सरंजाम त्यानं पुढच्या रांगांत नेऊन बसवला. झेपेलिनचा व्यवस्थापक पीटर ग्रँट अशा लोकांचा कर्दनकाळ होता. १९७१ साली व्हँकुव्हरला आवाजाची पातळी मोजायला आलेल्या सरकारी माणसांचं यंत्र, ते बूटलेगवाल्याचं समजून फोडण्यात आलं होतं. मिलार्ड ज्या सभागृहात शिरायचा तिथली हवा अशी होती. तो प्रती मित्रांना द्यायचा. छापून विकल्या त्या इतरांनी. परवानगीवाचून केलेलं ते काम होतं, हे मी नाकारत नाही. तरीही त्याचे उपकार मी मानतो.

आणि हे कळल्यावर मी ती टेप पुन्हा पहिल्यापासून ऐकली, फक्त त्याच्यासाठी. तो कुठेच नाही. शेजारचे ओरडतात, मागचे शिट्ट्या मारतात, पण मायक्रोफोनला सर्वांत जवळ असलेला माणूस संपूर्ण कार्यक्रमभर हूं की चूं करत नाही. त्यानं टाळी वाजवली असती तर ती बॉनमच्या ड्रमपेक्षा मोठी आली असती. ज्या संगीतासाठी त्यानं एवढा खटाटोप केला, त्याला दाद देण्याचा साधा हक्क त्यानं सोडून दिला, आणि इतर हजारोंची दाद मात्र जशीच्या तशी आपल्यापर्यंत आणली. काकांची आठवण मला तेव्हा प्रकर्षानं झाली. बैठकीत ते यंत्राशेजारी बसायचे, नजर फिरत्या चक्रांवर, बोट बटणावर. विलंबित रंगात आलं की सगळी बैठक डोलायची आणि काका टेप किती उरली ते बघत असायचे. त्या कपाटभर टेपांत काकांचा आवाज एकदाही नाही.

फोरममधल्या त्या सहा रात्रींनंतर महिनाभरात सगळं संपलं. २४ जुलैला ओकलंडला कार्यक्रम झाला आणि दोन दिवसांत बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याचा लहानगा मुलगा आजारात गेला. दौरा तिथेच थांबला. बॉनम १९८० साली बत्तिसाव्या वर्षी वारला आणि त्याच्यासह हा बँड अमेरिकेत पुन्हा कधी वाजला नाही. टेपेतल्या लोकांना यातलं काही ठाऊक नाही. ते जून महिन्यात मजेत ओरडताहेत.

माझ्या कॅसेटना मुंबईच्या पावसाळ्यानं बुरशी आणली, पुढे संपूर्ण कार्यक्रम इंटरनेटवर मिळाला. दोन कॅसेटमध्ये सगळा मावत नाही म्हणून माझ्या प्रतीत कुणीतरी बॉनमचा ड्रमचा लांबलचक एकट्याचा भाग गाळला होता. तो मी चाळिशीत पहिल्यांदा ऐकला. आजही कॅसेटची बाजू जिथं संपायची तिथं माझा कान थबकतो, खट् असा आवाज होईल म्हणून. मिलार्ड १९९४ साली गेला. त्याच्या मूळ टेपा नष्ट झाल्या असं बरीच वर्षं बोललं जायचं. अलीकडे त्याच्या संग्रहातलं पुष्कळ काही सापडलं, आणि त्या मूळ टेपांतला तळ, खोली, बासचा गाभा ऐकताना मला भरून आलं.

काही वर्षांपासून मी आमच्या भागातल्या छोट्या बैठकी ध्वनिमुद्रित करतो. कलाकाराला आधी विचारून, उघडपणे, यंत्र समोर ठेवून. मायक्रोफोन मंचावर नसतो, श्रोत्यांत तिसऱ्या-चौथ्या रांगेत असतो, आणि मी त्याच्यालगत मांडी घालून बसतो. मागच्या हिवाळ्यात एका तरुण गायिकेचा मारवा असाच घेतला. कार्यक्रम संपल्यावर ती हिरमुसून माझ्याकडे आली. ‘काका, तुम्ही अगदी समोर होतात आणि एकदाही वाहवा नाही. मारवा जमला नाही का?’ मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि जिथं तिनं कोमल रिषभावर बराच वेळ थांबून मग षड्ज घेतला होता, तिथून लावून दिलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाली, ‘मागचे आजोबा “जियो” म्हणाले होते? मला तिथं ऐकूच आलं नव्हतं.’