नेमगिरीचा मुक्काम

जिंतूरजवळच्या नेमगिरीवर भगवान नेमिनाथांचे, तसेच इवल्याशा दगडावर तोललेल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावे. मग प्रश्न उरतो निजण्याचा. गादी, चादर आणि गाळलेले पाणी एवढ्यावर आपल्या वडीलधाऱ्यांची रात्र सुखाने जात असे. आता यात्रेस निघताना पहिली चौकशी वातानुकूलित खोलीची! तशी खोली शहरातील हॉटेलात मिळते. पण तेथे कंदमुळांविना भाजी आणि दिवसाउजेडी ताट मिळेलच असे नाही. दूरदर्शन संचावाचून धर्मशाळेत काही अडत नाही. मात्र गुडघे धरलेल्या आजींसाठी पलंग आणि खोलीलगतचे शौचालय ही चैन नव्हे. दानाची पावती फाडताना दोन पलंगांचाही विचार व्हावा. एरवी ज्यांनी आपल्याला बोट धरून हा डोंगर दाखविला, तीच माणसे यात्रेच्या दिवशी घरी राहतात.