पिंजऱ्यावरचं कार्ड

आम्ही एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात स्विस जातीचे छोटे पांढरे उंदीर वाढवतो. लग्नकार्यात कुणी चाचा कामाबद्दल विचारतात आणि उत्तर ऐकून हसतात. घरात उंदीर मारायचे नि तिथं जपायचे, म्हणतात. त्यांचंही खरंच आहे.

पण या जपण्याला हिशेब असतो. मादी ६ ते ८ आठवड्यांत वयात येते. गर्भ १९ ते २१ दिवसांचा. पिलं २१ दिवसांची झाली की आईपासून वेगळी करायची. पहिली काही वेतं चांगली होतात. सात-आठ महिन्यांनंतर दोन वेतांतलं अंतर वाढतं, पिलं कमी होतात. मादी दिसायला धडधाकटच असते. पिंजऱ्यावरचं कार्ड मात्र आधीच बोलू लागतं. म्हणून प्रत्येक वेताची तारीख आणि पिलांची संख्या आम्ही न चुकता लिहितो.

पिलं घटली की पहिलं बोट मादीकडे जातं. आपल्या घरांत तरी वेगळं काय होतं? मूल झालं नाही की तपासणी सुनेची. या कामानं आम्हाला तो क्रम बदलायला शिकवलं. आधी खोली पाहायची: दिवे वेळेवर विझतात का, शेजारी बांधकामाचे हादरे आहेत का, खाद्य बदललं का, घरटं करायला कागद आहे का. मग नर, त्याला दुसऱ्या तरुण मादीबरोबर ठेवून पाहायचं. अनोळखी नराच्या वासानंही मादीचा नुकता राहिलेला गर्भ टिकत नाही, हे हिल्डा ब्रूस यांनी १९५९ साली दाखवलं. म्हणजे दोष पिंजरे हलवणाऱ्या हातांचाही असू शकतो.

एवढं करून वयच कारण निघालं, तर त्यावर औषध नाही. आधीपासून केलेली तजवीजच कामी येते. सगळ्या जोड्या एकाच दिवशी लावल्या तर त्या एकदमच म्हाताऱ्या होतात आणि एका महिन्यात प्राणिगृह ओस पडू लागतं. म्हणून दर महिन्याला थोड्या जोड्या बदलायच्या. नव्या माद्या अनेक आयांच्या पिलांतून घ्यायच्या, त्याही आया तरुण असतानाच्या वेतांतल्या.

जुन्या मादीला मग जोडीतून काढावं लागतं. बहुतेकींचं आयुष्य तिथंच, वेदना न देता, संपवलं जातं. त्या दिवशी आमच्यात कुणी फारसं बोलत नाही. तिच्या कार्डावर आम्ही ‘वांझ’ असं कधी लिहीत नाही. वेतं किती, पिलं किती, ते लिहितो आणि खाली दोनच शब्द: वय झालं.