स्वभाव की आजार?

नोकरीतून माणूस निवृत्त होतो त्या दिवशी त्याला शाल देतात, पुष्पगुच्छ देतात, एखादे भिंतीवरचे घड्याळही देतात. वेळेवर जाण्याचे काम संपले आणि हाती घड्याळ आले, याचे आम्हांस नेहमी हसू येते. पेन्शनचे कागद, ग्रॅच्युइटीचा हिशेब, प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म हे सर्व आम्ही कारकून मंडळी भरून देतो. मनाचा फॉर्म मात्र कोणी भरून घेत नाही. तो कसा असतो, त्याचा उपयोग किती आणि त्याने फसगत कोठे होते, याविषयी चार गोष्टी लिहावयाच्या आहेत, कारण आपल्या वस्त्यांत आता निवृत्त माणसे घरोघर दिसू लागली आहेत.

आमच्या सिहोरा भागातून कोणी चिखल्याच्या, कोणी डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खदानीत लागले, कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, कोणी एस.टी.त, कोणी शाळेत शिपाई. आजोबा दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत होते, त्याच घरात वडिलांच्या हाती पहिल्यांदा महिन्याचा पगार पडला. या पिढीला नोकरी म्हणजे नुसते पोट नव्हते. गावात ज्याला अर्धे नाव तोडून हाक मारीत, त्याला कामावर हजेरीला पूर्ण नावाने पुकारले जात होते. निवृत्तीने पगार कमी होतो हे सर्वांना दिसते. हजेरी बंद होते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

स्वभावाचे मोजमाप म्हटले की आम्हांस प्रथम गोपनीय अहवाल आठवतो. वरिष्ठाने वर्षाकाठी दोन ओळी लिहायच्या आणि त्यावर माणसाची बढती ठरायची. हक्काचे बोलणारा 'उद्धट' आणि मान खाली घालणारा 'आज्ञाधारक', असे शेरे आम्ही पुष्कळ पाहिले. पूर्वी प्रतिकूल शेरा तेवढा कळवीत असत. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे, मग ती चांगली असो की वाईट. ज्याचा स्वभाव लिहिता त्याला तो वाचू द्या, इतकी साधी ही गोष्ट आहे.

मानसशास्त्राची रीत निराळी आहे. अमेरिकेत १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश उघडून माणसाचे वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले. पुढे अनेकांनी ते चाळून पाच मोठ्या गुणांवर आणले: चिंता करण्याची वृत्ती, लोकांत मिसळण्याची वृत्ती, नव्याची ओढ, सलोखा आणि कामातली शिस्त. कोस्टा व मॅक्रे यांच्या १९९२ च्या प्रश्नावलीत यासाठी २४० विधाने आहेत. प्रत्येकापुढे 'अगदी पटते' पासून 'अजिबात पटत नाही' पर्यंत खूण करावयाची. काही विधाने मुद्दाम उलटी घातलेली असतात, म्हणजे सगळ्यालाच 'होय' म्हणणाऱ्याचा हिशेब जुळत नाही. कारकुनाला आवडावी अशीच ही युक्ती. यात पास-नापास नसते. दहा माणसांत आपण कोठे बसतो एवढेच कळते. याच प्रश्नावलीचा दुसरा नमुना जोडीदाराने किंवा जवळच्या माणसाने भरावयाचा असतो.

हे सर्व पश्चिमेकडूनच आले असे मात्र नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात माणसांची सहा चरिते सांगितली. ती ओळखायची कशी, तर भिक्खू चालतो कसा, जेवतो कसा, झाडू धरतो कसा यावरून. द्वेषचरिताचा माणूस घाईने, खरखर आवाज करीत झाडतो आणि जमीन सारखी स्वच्छ होत नाही. आमच्या ऑफिसात हे मोजमाप लावले तर अर्ध्या स्टाफचा निकाल सकाळी दहालाच लागेल.

आता आमच्या वस्तीतले एक काकाजी घ्या. खदानीतून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पहिले काही महिने थाटात गेले. घराला स्लॅब पडला, धाकटीचे लग्न झाले, दीक्षाभूमीला जाऊन आले. रॉबर्ट अ‍ॅचली या समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात आधी असेच आनंदाचे दिवस येतात आणि नंतर भ्रमनिरास. काकाजींचा फंड संपला आणि दुसरा टप्पा आला. दिवसभर ते खाटेवर पडून राहू लागले. नातू जवळ आला तरी खेकसत. मुलगा म्हणाला, "बाबाचा स्वभावच तसा आहे, पहिल्यापासून तापट."

आम्ही स्वभावाची पंधरावीस विधाने साध्या मराठीत लिहून विहाराच्या ओट्यावर काकाजींपुढे वाचली. 'मी लोकांत सहज मिसळतो' हे वाचताच त्यांनी विचारले, "कोनत्या लोकात?" खदानीच्या सोबत्यांत ते दिलखुलास होते. गावच्या चौकात ते पन्नास वर्षे जपूनच बसत आले. मग खूण कोठे करावी? हा प्रश्न विद्वानांनाही पडला आहे. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये ही मोजणी केली तेव्हा ते पाच गुण तसे वेगळे निघालेच नाहीत. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शहरी, शिकलेल्या माणसासाठी केलेली फूटपट्टी सगळ्या जगाला पुरत नाही. जिथे माणूस दबून वागायला शिकला आहे तिथे तर तिचा आकडा फार जपून वाचावा असे आमचे मत आहे.

खरी गोष्ट काकींनी सांगितली. "नाही जी, हे असे नव्हते. डूटीवरून आले का जेवता जेवता खदानीतल्या गोष्टी सांगत. दिवाळीपासून बोलनंच बंद झालं."

दिवाळीपासून! आमच्या लेखी या एका शब्दात सगळे आले. स्वभाव एका दिवाळीला सुरू होत नाही. तो वर्षानुवर्षे बहुतेक तसाच राहतो, बदलला तर हळूहळू. नेदरलँड्समधील निवृत्तांच्या २०१९ च्या एका अभ्यासात निवृत्तीच्या सुमारास माणसे थोडी मोकळी, सलोख्याची आणि मनाने स्थिर झालेली आढळली. त्यातला मोकळेपणा व सलोखा पुढच्या वर्षांत हळूहळू उतरला, स्थिरपणा टिकला. बदल एवढेच असतात. बोलका माणूस चार महिन्यांत मुका होतो, जेवण टाकतो, नातवाकडे पाहत नाही, याला स्वभाव म्हणून चालणार नाही. ते उदासीनतेच्या आजाराचे लक्षण असू शकते. घरचे लोक 'स्वभावच तसा' म्हणतात तो त्यांचा गोपनीय अहवाल होय. तो काकाजींना कोणी वाचून दाखवीत नाही आणि त्यावर अपीलही नाही.

या आजारासाठी वेगळी प्रश्नावली आहे. अमेरिकेतील येसावेज यांनी सहकाऱ्यांसह १९८२-८३ च्या सुमारास ती खास वृद्धांसाठी तयार केली. मूळची ३० प्रश्नांची, पुढे १५ ची झाली. उत्तरे फक्त होय किंवा नाही. झोप, भूक, अंगदुखी हे प्रश्न तीत फारसे ठेवले नाहीत, कारण म्हातारपणी त्या तक्रारी असतातच. स्वभावाची प्रश्नावली विचारते, तुम्ही एरवी कसे असता? ही विचारते, गेल्या आठवड्यात तुम्हाला कसे वाटले? पंधरापैकी पाचाहून अधिक गुण आले तर डॉक्टरांना दाखवावे असे साधारण धरतात. हा निदानाचा दाखला नव्हे, पुढे जाण्याची चिठ्ठी आहे. डॉक्टर मग थायरॉईड पाहतात, चालू गोळ्या पाहतात, कान तपासतात. कानाने कमी ऐकू येऊ लागले की माणूस चारचौघांत जाणे टाळतो आणि आपण म्हणतो, त्यांना गर्दी आवडत नाही.

पैशाचा भाग वेगळा आहे आणि तो लहान नाही. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये किमान पेन्शन महिना १००० रुपये ठरली ती २०१४ साली. तेवढ्यावर मन शांत ठेवा असे सांगणे थट्टा ठरेल. राज्य सरकारी सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तर जुनी पेन्शनच मिळाली नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये संप झाला. तरीही पेन्शन बरी असलेली माणसेसुद्धा आम्ही खाटेला खिळलेली पाहिली आहेत. कॅरोल रिफ या बाईंनी १९८९ साली मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे सांगितली. त्यांच्या पाहणीत जगण्याचा हेतू आणि स्वतःची वाढ ही दोन अंगे वयाबरोबर खाली गेलेली दिसली. हजेरी बंद झाली म्हणजे काय झाले, ते यावरून कळते.

आणि आमच्या बिडी वळणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या बायाबापड्या? त्यांना निवृत्तीचे वयच नाही. बोटे थांबतात तेव्हा काम थांबते, आणि निरोपाची शालही मिळत नाही. त्यांच्या उदासीनतेला घरात 'कटकट' हे नाव आहे.

काकाजींना मुलगा जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, एका कानाला यंत्र बसले. दोन-अडीच महिन्यांनी ते ओट्यावर येऊन बसू लागले. आता दहावीच्या पोरांना बँकेची स्लिप आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा ते दाखवतात, पोरगा खाडाखोड करील तर ओरडतात. तापटपणा तेवढाच आहे, तो बहुधा स्वभाव असावा. काकी म्हणतात, "चिडले तरी चालते जी, बोलतात ना."

ज्यांच्या घरी असा अचानक गप्प झालेला माणूस आहे त्यांनी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. फोन करताना बदल कोणत्या महिन्यापासून सुरू झाला हे घरातल्या बाईला विचारून आधी कागदावर लिहून ठेवावे.